माता आलेल्या घरातली फोडणी

"कवाड लोट वो. मातेच्या डोळ्यात ऊन घालतं का?" दुकलहीननं सुनेवर डाफरत स्वतःच दार ओढलं.

मंतोरा उंबऱ्यात बसून राहिली. आत खाटेवर तिची चार वर्षांची अघनी कडुलिंबाच्या पाल्यावर निजली होती. आधी ताप आला, मग कोरडा खोकला, वाहतं नाक, लालभडक डोळे. गालाच्या आत मिठाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके मंतोरानं स्वतः पाहिले होते. आज कानामागून पुरळ निघालं अन् बघता बघता गळ्याखाली उतरलं.

"माय, हा गोवर हाय. वीटभट्टीवर पाह्यला मी."

"नाव नको घेऊ त्याचं. माता म्हण. दोन्ही हात जोडून म्हण."

भट्टीवर मंतोरानं काय पाहिलं ते दुकलहीनला ऐकायचं नव्हतं. विटांच्या झोपड्यांतून गोवर असा फिरला होता, जसा वणवा वाळल्या गवतातून. तिच्या बहिणीचं थोरलं पोर धापा टाकत गेलं, धाकटं वाचलं पण त्याच्या डोळ्यात फूल पडलं. गावात लसीची सुई आली तेव्हा अर्धा पारा, म्हणजे अर्धी वस्तीच, भट्टीवर होती. भट्टीवर ती कधी आलीच नाही, कारण मालकाच्या लेखी तिथं मजूर राहत होते, लेकरं नव्हती. अघनीची सुई अशी दोन्हीकडून चुकली.

अन् आज दिवस कलता कलता घरी मातेची सेवा. गावचा भगत पंचराम बैगा गळ्यात मांदराचा ढोल घेऊन येणार, मातेची जसगीतं होणार, अन् मग पाऱ्यातलं एकेक लेकरू आत जाऊन अघनीच्या पायावर डोकं टेकवणार. माता जिच्या अंगात बसली तिचे पाय कपाळाला लागले, की माता आपल्याकडं हलक्या पावलानं येते, असा शिवनाथ नदीच्या काठाला नेम.

धाकटी जाऊ टिकेश्वरी आधीच येऊन बसली. कडेवर नुकतं पाऊल टाकू लागलेलं पोर.

"सगळ्यात आधी माह्या ननकूले पाया पाडजो, भौजी."

"त्याले घरी घेऊन जाय. खोकल्यासंग उडते हे. एका खोलीत दम घेतला तरी लागते."

"पोरगी देवी झाली अन् माय आतापासूनच मिजास करून रायली."

मंतोरानं नवऱ्याकडं पाहिलं. खोरबहरा अंगणात मोहाची फुलं पसरत होता. सकाळपासून तीच फुलं तो पसरत होता.

"अजी, पोरीच्या बरगड्या पाहा. दम घेताना आत जाऊन रायल्या. कोनाची गाडी मागून आना."

"बैगा म्हणते, माता उतरेपर्यंत दवाखाना नाई."

"बैगानं जन्म देल्ला का तिले?"

खोरबहरा पुन्हा फुलं पसरू लागला. बाहेर गल्लीत मांदर वाजू लागला. त्याच्यामागं पोरांचा कलकलाट.

मंतोरा उठली. तिनं खोलीचं दार घट्ट ओढलं अन् अंगणातल्या चुलीत काटक्या सारल्या. ताप आल्यापासून त्या चुलीवर नुसती पेज शिजत होती. माता घरात असताना तेल तडतडलं की तिच्या अंगाची आग होते, हे पाऱ्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मंतोरानं कढई ठेवली, तेल ओतलं. मोहरी. लसूण. वर मूठभर सुक्या मिरच्या.

वारा गल्लीकडं होता. धूर तसाच सेवेकऱ्यांच्या तोंडावर गेला अन् मांदर मधेच थांबला.

"हे काय केलं?" पंचराम बैगा खोकत म्हणाला.

"फोडणी."

"मातेच्या घरात?"

"हो. खवळली असंन आता. ज्याले आपलं लेकरू नको असंन, त्यानं आत यावं."

कुणी पाऊल टाकलं नाही. बाया पोरांना पदराखाली ओढत मागं फिरल्या. टिकेश्वरी तर चपला विसरून पळाली. दुकलहीननं आधी स्वतःचं कपाळ बडवलं, मग फुंकणी घेऊन सुनेची पाठ.

"हिनं घर बाटवलं," बैगा म्हणाला. "पोरीले घेऊन हिले गावाबाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

खोरबहरा तेवढ्या एका हुकुमासाठी थांबला होता जणू. त्यानं शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणली. गावाबाहेर म्हणजे कुठं, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं तालुक्याचा रस्ता धरला. पाठीला फुंकणीचे वळ अन् मांडीवर पोर घेऊन मंतोरा मागं बसली.

दवाखान्यात म्हणाले, छातीत न्यूमोनिया धरलाय. नाकाला नळी लावली, डोळे जाऊ नयेत म्हणून जीवनसत्त्वाचं औषध पाजलं, अन् गाव कोणतं ते विचारून घेतलं.

खोरबहरा मोहाची फुलं उचलायला गावी जाऊन परत आला तेव्हा अघनीचा दम थोडा खाली बसला होता. मंतोरा तिला चमच्यानं पेज पाजत होती.

"पाऱ्यात सुईवाली बाई आली होती," तो म्हणाला. "ही मोठी रांग. मागच्या बारीले एक कुत्रं नव्हतं गेलं."

"मंग आता कसे गेले?"

"भेव. तू माता खवळवली म्हणतात. बैगाचा धागा बांधला, वरून सुईबी घेतली. तुही जाऊ सगळ्यात पुढं. सुईवालीसमोरच तुले रांड म्हणे, चेटकीण म्हणे. गावात पाय ठेवू देनार नाई म्हणे."

मंतोरानं अघनीच्या ओठाची पेज पदरानं पुसली.

"ननकूले टोचलं?"

"टोचलं."

"मंग देऊ दे शिव्या."