बिनचिठ्ठीचं वाचन

"हे बघा, एकही शिक्का नाही." ग्रंथपाल देशकरांनी अर्थशास्त्राच्या एका जाडजूड पुस्तकाचं मागचं पान सिंधूताईंसमोर धरलं. "म्हणजे तीन वर्षांत हे कोणी उघडलंच नाही."

ग्रंथालयातल्या शिपाई सिंधूताई शिडीवर उभ्या राहून कपाट पुसत होत्या. "उघडलं कसं नाही साहेब? पोरं रोज उघडते थे."

"मग नोंद कुठाय?"

याचं उत्तर सिंधूताईंकडे होतं. पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

१९७३ सालचा मार्च. कॉलेजात नवे प्राचार्य आले होते आणि येताना कामाचा झपाटा घेऊन आले होते. तीन वर्षांत शिक्का न पडलेली पुस्तकं गठ्ठे बांधून मागच्या अडगळीच्या खोलीत टाकायची आणि वाचनगृहाच्या रिकाम्या झालेल्या अर्ध्या भागात परीक्षा विभाग बसवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. उद्या सकाळी ते स्वतः बघायला येणार होते. शिक्का नसलेली तीनशे चाळीस पुस्तकं निघाली होती.

ज्याच्यावर शिक्के जास्त ते वाचलं जातं, असा प्राचार्यांचा न्याय. त्या न्यायाने कॉलेजातलं सगळ्यात थोर वाङ्मय म्हणजे संभाव्य प्रश्नोत्तरांची गाइडं! त्यांच्या मागची तारखांची पानं भरून भरून चार वेळा बदलावी लागली होती. पोरं परीक्षेआधी आठ दिवस गाइड नेत, पाठ करत आणि पेपर टाकून आलं की विसरत. त्यांना तरी काय नावं ठेवायची? वाचायची गोडी कोणी लावलीच नव्हती.

पण उमरेड, कळमेश्वरहून एसटीने येणारी काही मुलं निराळी होती. एका विद्यार्थ्याला एकच कार्ड. त्यावर एक पुस्तक घरी गेलं, की वाचनगृहात बसून वाचायलाही दुसरं मिळत नसे, कारण मागणीची चिठ्ठी आणि कार्ड जमा केल्यावरच शिक्का मारून पुस्तक दिलं जाई. संध्याकाळच्या बसपर्यंत ही मुलं बाकांवर नुसती बसून राहत. सिंधूताईंना ते बघवत नसे. छप्पन साली दीक्षाभूमीवरून आल्यावर वडिलांनी त्यांना सुटलेल्या शाळेत पुन्हा नेऊन बसवलं होतं, म्हणून तर त्यांची सातवी झाली. "चिठ्ठी राहू दे वं. घे, अन् जातानी जागेवर ठेव," असं म्हणत त्या पुस्तक हातात देत.

मनकर्णा हेडाऊ त्यांच्यातलीच, उमरेडच्या विणकराची मुलगी. पहिल्या वर्षी तिला गाइडाबाहेरचं एक वाक्य लिहिता येत नव्हतं. आता ती वर्गात उठून म्हणे, "सर, दुसऱ्या पुस्तकात तर निराळंच लिहिलं हाय." हे ऐकून सिंधूताईंची छाती फुगायची.

आणि आता त्याच मायेने पोरांचं वाचन कागदावरून पुसून टाकलं होतं. सिंधूताईंनी आपल्या हाताने धोंडा पाडून घेतला होता, तोही पोरांच्या पायावर.

खरं सांगावं, तर तो नियमभंग. अकरा वर्षांच्या हंगामी नोकरीनंतर त्यांना कायम करण्याची फाइल नेमकी प्राचार्यांच्याच टेबलावर होती.

देशकर वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं, "सिंधूबाई, तारखेचा शिक्का टेबलावर आहे. मी चहा पिऊन येतो."

ते गेले. सिंधूताईंनी शिक्का उचलला, मागच्या वर्षाचा आकडा फिरवला, शाईच्या गादीवर दाबला. पण तारखेच्या शेजारी कार्डाचा नंबर लिहायची जागा होती. कोणाचा लिहायचा? मनकर्णाचा लिहिला आणि उद्या कोणी रजिस्टर उघडलं, तर चोर ती ठरणार. सिंधूताईंनी शिक्का पुसून जागेवर ठेवला. देशकर परत आले, कोरं पान बघितलं आणि त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं.

सकाळी प्राचार्य आले. दोन गडी सुतळी घेऊन मागे उभे होते.

"शिक्का नाही. बांधा," प्राचार्य म्हणत. गठ्ठा बांधला जाई. तिसऱ्या गठ्ठ्याला सिंधूताई पुढे झाल्या आणि त्यांनी ते जाडजूड पुस्तक उचललं. पालथं धरून झटकावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण खुणा गेल्या असत्या. त्यांनी ते हळूच उघडून प्राचार्यांपुढे ठेवलं. पानात एसटीचं तिकीट होतं. पुढे आणखी एक. त्याच्यापुढे आणखी एक.

"हे काय?"

"तिकिटं साहेब, उमरेडच्या गाडीचे. वाचता वाचता गाडीची वेळ झाली का पोरं खूण ठेवून जाते. दुसऱ्या रोजी तिथूनच धरते."

प्राचार्यांनी पुस्तक मिटून कड बघितली. निम्म्याहून अधिक पानांची कड बोटांनी काळी पडली होती. पुढची पानं पांढरी होती.

"मग नोंद का नाही?"

देशकर पुन्हा खिडकीकडे बघू लागले.

"मीच घेतली नाही. बिनचिठ्ठीचे देत होती मी."

"कोणाकोणाला?"

"नावं नाही सांगणार साहेब. देणारी मी हावो, मले विचारा."

खुणा प्राचार्यांना पटल्या. गठ्ठे सुटले. परीक्षा विभागाला दुसरी जागा मिळाली. वाचनगृहात बसून वाचायला कार्ड लागणार नाही, नुसती चिठ्ठी पुरे, अशी सूचना फळ्यावर लागली. कायम करण्याची फाइल मात्र नियमभंगाचा शेरा मारून परत आली, आणि सिंधूताईंची रवानगी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली, बाटल्या धुवायला.

एप्रिलात सिंधूताई वाचनगृहाच्या खिडकीवरून चालल्या होत्या. आत मुलं हातात चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभी होती. त्यांच्या जागी आलेला नत्थू खिडकीशी पुस्तकं पालथी धरून झटकत होता. कचरा बादलीत पडत होता.

"काहून गा नत्थू, थे तिकिटं फेकून राहिला?"

"कचरा हाय ना ताई."

"कचरा नाही गा. तिथपर्यंत पोरं आले हायत."

नत्थू ओशाळला. त्याने बादलीतून एक तिकीट काढलं, पण ते कुठल्या पानातलं, हे त्याला आता सांगता येईना. सिंधूताईंनी ओले हात पदराला पुसले आणि गजांतून पुस्तक मागून घेतलं. कडेवरून बोट फिरवत त्यांनी काळी पानं संपतात ती जागा शोधली, तिथे तिकीट ठेवलं आणि पुस्तक मिटून आत दिलं.