काकूंची लेव्हल

झोपायच्या खोलीतला पडदा सकाळी खिळ्याला सुतळीने बांधलेला दिसला, तेव्हाच काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पडदा होता, पण तो ज्या नळीवर सरकायचा ती नळी गायब होती. घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक आपण स्वतः. चोर शोधायला फार डोकं लागणार नव्हतं.

"अहो, पडद्याची नळी कुठंय?"

"असेल इथेच कुठेतरी," काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले. पेपर कालचा होता.

काकूंनी विषय वाढवला नाही. काकांना खोटं बोलता येत नाही, आणि ते लपवताही येत नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

घराला लागूनच त्यांचं आवार होतं. बागांना लागणारी माती आणि खत तिथे चाळून, मिसळून ट्रॉल्यांत भरलं जायचं. पत्र्याच्या शेडखाली सिमेंटचा कोबा, त्यावर मातीचे ढीग, आणि ते ढीग उपसायला जुना ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या पुढे लोडरचे दोन लोखंडी हात, आणि हातांच्या टोकाला माती भरून उचलायची बकेट. वर बसलेल्या माणसाला सगळं जग दिसतं, पण जे दिसायला हवं नेमकं तेच दिसत नाही. बकेटचा तळ जमिनीला सपाट आहे की नाही, ते बॉनेटच्या आड जातं. बकेटचं नाक खाली असलं तर ती कोबा उकरते. फार वर असलं तर ढिगावर नुसती चढते आणि अर्धी रिकामी परत येते.

हे दिसायची सोय म्हणजे काकू. सव्वीस वर्षं त्या शेडच्या तिसऱ्या खांबापाशी उभ्या राहून हात पुढे धरत आल्या होत्या. बोटं खाली झुकवली की नाक खाली आहे, बोटं वर केली की नाक वर आहे, आणि तळहात सपाट धरला की घ्या पुढे. ट्रॅक्टरच्या आवाजात बोलून काही उपयोग नसायचा, आणि बोलायची गरजही नसायची. गिऱ्हाइकं त्यांना 'लेव्हलकाकू' म्हणायची. काका मात्र आलेल्या प्रत्येकाला कोबा दाखवायचे. "सव्वीस वर्षांत ओरखडा नाही. लोडर काय, कुणीही विकत घेतं. हात लागतो."

ही हाताची भाषा आवारातून कधी घरात शिरली, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पाहुण्यांपुढे काका फुशारक्या मारायला लागले की काकूंची बोटं हळूच खाली झुकायची, आणि काका जमिनीवर यायचे. लेक जन्मली त्या दिवशी दवाखान्याच्या दाराच्या काचेपलीकडे काका घाम पुसत उभे होते. काकूंना बोलायची ताकद नव्हती. त्यांनी पलंगावरूनच तळहात सपाट धरून दाखवला, आणि काकांचा जीव भांड्यात पडला. आजही ती काच आठवली की काकूंना हसू यायचं, आणि मग डोळे पुसावे लागायचे.

आता गुडघ्यांनी दगा दिला होता. सिमेंटवर तासन्‌तास उभं राहणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खुर्चीवर बसून पाहिलं, तर बकेटच्या आड काकू काकांना दिसेनात. एकदा तर बकेट खुर्चीच्या पायापर्यंत आली, आणि तो प्रयोग तिथेच थांबला. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईला आता घरात बसवा."

बसवा हा शब्द काकूंना झोंबला. कोपऱ्यात शिलाई मशीन बसवतात तसं आपल्याला बसवणार, आणि वर एक टेबलक्लॉथ घालणार. त्यांना गुडघ्यांची धास्ती नव्हती. त्या खांबापाशी आपल्यावाचून काम चालायला लागेल, ही धास्ती होती.

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या यंत्राचा चरचराट आवारातूनच यायला लागला. त्याला सगळे ठिणगी म्हणायचे, कारण तो बोलायचाही तसाच. काकू लंगडत गेल्या, तर पडद्याची नळी लोडरच्या डाव्या हातावर दोन पट्ट्यांनी आवळून बसवलेली. नळीतून एक लांब सळई आरपार गेलेली, आणि सळईचं खालचं टोक बकेटच्या पाठीला जोडलेलं. बकेट झुकली की सळई नळीतून खाली सरकायची, बकेट मागे वळली की वर यायची. वरचं टोक सीटवर बसल्याबसल्या डोळ्यांसमोर.

"काकू, तुमची रजा मंजूर," ठिणगी चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला.

"अर्ज कुणी केला होता?" काकूंनी विचारलं.

ठिणगीला एकदम आपली केबल गुंडाळायची आठवण झाली. काका मात्र उत्साहात होते. त्यांनी बकेट कोब्यावर टेकवली. गवंड्याकडून मागून आणलेली लेव्हलपट्टी बकेटच्या तळावर ठेवली, काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये आणला, आणि सळई नळीच्या तोंडाशी जिथे आली होती तिथे लाल रंगाची रेघ ओढली. रेघ नळीच्या तोंडाशी आली की बकेट सपाट. एवढंच. काकूंचं सव्वीस वर्षांचं काम एका रेघेत मावलं.

"तुझ्या गुडघ्यांसाठीच केलंय गं," काका म्हणाले.

"कळलं," काकू म्हणाल्या, आणि चहाचं निमित्त करून आत गेल्या.

पुढचे दोन दिवस काकांनी पुढचा ढीग उपसला. काम तर झालंच, वर कोबा असा लख्ख निघाला की काकांनी मुद्दाम त्यांना बोलावून दाखवला. एरवी बकेटमागे मातीचा पातळ थर राहायचा, आणि तो काकू झाडूने ओढून घ्यायच्या. "बघ, आता झाडूलाही रजा," काका म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी काका मागच्या ढिगाकडे वळले. कोबा दोन खेपांत ओतलेला होता. मागची लादी पुढच्यापेक्षा बोटभर उंच राहिली होती, आणि मधे आडवा सांधा होता. काकू भांडी घासत होत्या तेव्हा आवारातून लोखंडावर घण पडावा तसा आवाज आला आणि ट्रॅक्टर बंद पडला. गुडघे आहेत हे विसरूनच त्या धावल्या.

काका स्टिअरिंगला धरून बसले होते. खालचा ओठ फुटला होता, आणि एक हात छातीवर होता.

"लागलं का?"

"नाही गं." ते खाली उतरले. पट्टी लावून पाहिली, रेघ पाहिली, परत पट्टी लावली. "बुडबुडा मध्ये. रेघही बरोबर. मग अडकली कशी? सव्वीस वर्षं या सांध्यावरून दिवसातून दहा वेळा जातोय, कधी टिकसुद्धा वाजलं नाही. आजच काय धाड भरली?"

काकूंची नजर सांध्याच्या कडेवर गेली.

"ही काठीच खोटी," काका सळईला लाथ मारत म्हणाले. "उद्या काढून टाकतो. तूच ये परत. थोडं उभी राहा, थोडं बस. जमवू काहीतरी."

हेच तर काकूंना हवं होतं. अर्ज न करता रजा मंजूर झाली होती, तशीच आता न मागता रद्द होत होती. फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं. पण काकांच्या ओठावरचं रक्त हनुवटीपर्यंत ओघळलं होतं. गुडघे काय, आज ना उद्या कायमचे बसणारच. तेव्हा सांधा इथेच असणार, काका याच सीटवर असणार, आणि आपण मात्र खांबापाशी नसणार.

"काठी खोटी नाही," काकू म्हणाल्या. "मीच खोटी."

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षी इथेच अडकला होतात. आठवतंय? पुढचा दात पडला होता. मला सातवा महिना होता, आणि तुमच्या शर्टावर सगळं रक्त. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. बकेट सपाट होऊच द्यायची नाही. नाक अंगठाभर वर असतानाच मी हात सपाट धरायचे. मग ती सांध्यावरून अलगद जायची."

काका बघतच राहिले. "मग तो थर राहायचा तो..."

"तो म्हणजे तो अंगठा. म्हणून तर मी झाडायचे."

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस वर्षं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

काकांनी कोब्याकडे पाहिलं. ज्याच्यावर ओरखडा नाही म्हणून गावभर छाती फुगवली तो कोबा. काकूंना वाटलं, आता हे चिडतील, आणि चिडले तर बरंच. गप्प बसले तर मात्र आपण त्यांचं फार मोठं काहीतरी मोडलं. काका गप्पच होते. मग त्यांनी लाल रंगाचा डबा उचलला, ट्रॅक्टरवर चढले आणि म्हणाले, "दाखव."

काकू तिसऱ्या खांबापाशी उभ्या राहिल्या. हात पुढे केला. ही रेघ एकदा ओढली की आपल्याकडे द्यायला काही उरणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. बोटं खाली, अजून, आता थोडी वर. मग तळहात सपाट. काका उतरले आणि पहिल्या रेघेच्या जरा खाली त्यांनी दुसरी रेघ ओढली. पहिली चाकूने खरवडून काढली.

"आता जा आत," ते म्हणाले. "उभी नको राहूस."

दुसऱ्या दिवशी काकू मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. इतकी वर्षं त्यांनी फक्त बकेटची धार पाहिली होती. धारेवरून नजर हटवायची सोयच नव्हती. ट्रॅक्टर चालवताना आपला नवरा दिसतो कसा, ते त्या पहिल्यांदाच बघत होत्या. पाठीला बाक आला होता. लिव्हर ओढताना जीभ दातांत धरायची शाळकरी खोड होती, ती त्यांना ठाऊकच नव्हती. काका बकेट खाली आणत, मान पुढे काढून रेघ बघत. रेघ नळीच्या तोंडाशी आली की मान वळवून तिसऱ्या खांबाकडे बघत, आणि मगच क्लच सोडत. काकूंना वाटलं एकदा झालं असेल चुकून. त्यांनी आठ खेपा बघितल्या. आठही वेळा तेच.

काका चहाला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "खांबाकडे काय बघता हो?"

"कोण, मी?" काकांनी बशी तोंडाला लावली. "मान अवघडते. म्हणून वळवतो जरा."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं आपलं एक खोटं यांनी नकळत चालवून घेतलं होतं. यांचं हे एक, कळूनसवरून, आपण चालवून घ्यायला हरकत नव्हती.

"वळवत जा," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.