गोजर साहेबांचं लाल बटण

मी लाल बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, मशीनचं. मुरबाडच्या एका कारखान्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं बनतात. तिथल्या चार नंबरच्या प्रेसवर, काम करणाऱ्याच्या उजव्या हाताशी मी बसलोय. मला दाबलं की प्रेस जागच्या जागी थांबते. एवढं एकच काम मला येतं.

कुठे घडलो ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा पहिला हात लागला तो ज्ञानेश्वर गोजर साहेबांचा. ते किन्हवलीचे, आमच्या खात्याचे सुपरवायझर, हेल्परपासून वर आलेले. मला त्यांनी स्वतः बसवलं आणि दहा वेळा दाबून पाहिलं.

नवीन बाई कामावर आली की साहेब तिला आधी मला दाबायला लावत, काही कारण नसताना. धसईहून शीतल आली तेव्हा तिचा हात पुढेच येईना.

"मशीन बिघडंल, साहेब."

"बिघडू दे. मशीन दुसरी येते. हात दुसरा येतो का?"

कुणीही मला दाबावं, कारण नंतर सांगावं, असा साहेबांचा नियम होता. चहाच्या वेळी बायका त्यांच्या चालण्याची नक्कल करत, पण त्यांच्या शब्दाबाहेर एकही नव्हती.

स्टोअर सांभाळणाऱ्या सुयोगला हेच खुपायचं. त्याला साहेबांची खुर्ची हवी होती. मशीन थांबली की तो हसत हसत फोटो काढायचा आणि मुंबईच्या ऑफिसला पाठवायचा. समोरासमोर भांडणारी माणसं मी पाहिलीत. या हसण्याची मला जास्त भीती वाटायची.

एका सकाळी तो कागद घेऊन आला. "कंपनी बूट देणार आहे. सह्या करा पटापट."

मजकूर इंग्रजीत होता. शीतलने सही केली, शेजारच्या प्रेसवरच्या रंजिताने केली, बावीसही जणींनी केली. शनिवारी साहेब आलेच नाहीत. 'गोजर आम्हाला त्रास देतात, उगाच मशीन बंद करायला लावतात,' असं त्या कागदावर होतं आणि त्यावरूनच साहेबांना काढलं, हे बायकांना नंतर कळलं. शीतल त्या दिवशी जेवली नाही.

साहेबांच्या खुर्चीवर सुयोग बसला. पहिलं काम काय केलं, तर माझ्यावर जाड प्लास्टिकचं झाकण स्क्रूने आवळलं. "मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाय." झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मलाच झाकण!

तीन आठवड्यांनी रंजिता माझ्या प्रेसवर होती. तिच्या बाहीचं टोक साच्यात अडकलं. आमची प्रेस सावकाश उतरते, पण उतरली की सोडत नाही. ती किंचाळली. शीतल धावत आली. तिने कुणाला विचारलं नाही. बाजूचा पाना उचलला, झाकण फोडलं आणि मला असं दाबलं की मी मुळापासून हादरलो.

प्रेस थांबली. साचा आणि रंजिताची बोटं यांच्यात बोटभर जागा उरली होती. बाही फाटली, बांगड्या फुटल्या, हात शाबूत राहिला.

सुयोग पळत आला. रंजिताचा हात बघून खाली खोक्यावरच बसला. दुसऱ्या दिवशी उरलेलं प्लास्टिक त्यानेच उचकटलं. शीतलकडे न बघता म्हणाला, "राहू दे उघडंच."

पुढच्या सोमवारी गोजर साहेब कामाचा दाखला न्यायला आले आणि जाता जाता आमच्या खात्यात डोकावले. शीतल उठून उभी राहिली.

"साहेब, त्या कागदाव माझी पन सही हाय."

"म्हाईत हाय. वाचलाय मी तो. सहीच्या पुढं पाच लिवलंयस तू. रंजितानं सहा."

"तो बुटाचा नंबर..."

"तेच तर! तक्रारीच्या कागदाव कोन बुटाचा नंबर लिवतं गो? मला तवाच कळलं, तुमाला फसवलंय."

"मग बोललात का नाय?"

"तुमा एकेकीला वर बोलावलं असतं, नोकऱ्या गेल्या असत्या. आनि खरं सांगू? रोजच्या त्या कुरबुरीला मी पन कंटाळलो होतो. आता शहापूरला पोरांना मशीन शिकवतो. दिवस मावळायच्या आत घरी. झोप लागते."

शीतलच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती खळखळून हसली. महिनाभर आखडलेले तिचे खांदे माझ्यासमोर सैल पडले. दुपारी तिने स्वतःचा डबा संपवून रंजिताच्या डब्यातलंही खाल्लं.

साहेब परत येणार नाहीत. त्यांची आठवण येते, पण आता ती टोचत नाही. माझ्या कडेला पान्याची एक खाच पडलीय, लाल रंगही विटलाय. आतली स्प्रिंग मात्र पक्की आहे.

निरोप घेण्याआधी एकच मागणं. कुठलाही कागद पुढे आला तर वाचा, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. सही करताना हवा तेवढा वेळ घ्या. मला दाबताना घेऊ नका.