जाळीच्या जागी काच

मी एक जुने जाळीचे कपाट आहे. माझा एक पाय लंगडा आहे आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे, तरीही मित्रांनो, माझे अगदी मजेत चालले आहे.

सुताराने मला घडवले तेव्हा दारांना तारेची बारीक जाळी ठोकली. हवा आत-बाहेर खेळावी आणि माश्यांच्या तोंडाला मात्र बाहेर बसूनच पाणी सुटावे, एवढाच त्याचा बेत. माझी मालकीण घरी पाव भाजून कोपऱ्यावरच्या दुकानात देते. गल्लीतली मुले तिला पावकाकू म्हणतात. तिचा नवरा खिडक्यांना काचा बसवतो, म्हणून तो काचकाका.

काकांना काचेचे भारी वेड. एकदा काकूंना खूश करायचे म्हणून त्यांनी माझी जाळी काढली आणि स्वच्छ काचा बसवल्या. मी काय ऐटीत उभे होते! येणारा-जाणारा थांबून म्हणे, "वा, दुकानातलं कपाट वाटतंय."

पण काकू पाव गरमच आत ठेवत. पावांची वाफ पूर्वी जाळीतून निघून जाई. आता ती थंड काचेला अडे आणि तिचे पाणी होई. पावाचे कवच ओलसर राही. बुरशीचे बीजाणू तर हवेत सगळीकडेच तरंगत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. कोरड्या जागी ते निमूट पडून राहतात, ओल मिळाली की रुजतात. मग त्यांचे बारीक तंतू पावात शिरतात, त्याला विरघळवतात आणि शोषून घेतात. वर हिरवी भुकटी दिसते ती नव्या बीजाणूंची, म्हणजे तोवर आतले जेवण बरेच उरकलेले असते. माझ्या फळीवरचा कागदही बुरशीने सोडला नाही.

एके सकाळी दुकानदार पाव परत घेऊन आला.

"काकू, गिऱ्हाईक चिडून परत देऊन गेलं. पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडून घ्यावा लागेल. राग मानू नका."

तो गेल्यावर काकू खुर्चीत बसल्या. दुकानाने पाव घेणे थांबवले की त्यांची भट्टी थंड होणार होती.

"हिरवं तेवढं कापून टाकलं तर?" त्या पुटपुटल्या.

"पीठच खराब आलं असणार," काका म्हणाले.

"अहो, काच बसवल्यापासूनच होतंय हे."

"माझ्या काचेला नावं ठेवू नकोस! आत मुंगी शिरायची बिशाद नाही."

काचेचा निर्दोषपणा सिद्ध करायला काकांनी फडके उचलले. घासून घासून पुसले, पण धूसरपणा जाईना. शेवटी त्यांनी दार उघडून आतून बोट फिरवले. बोट ओले झाले. ते बोट त्यांनी काकूंना दाखवले.

"अगं, लोकांच्या खिडक्यांना असं धुकं आलं की मीच सांगतो, हवा खेळू द्या म्हणून."

"आणि घरी?"

"घरी बायकोला खूश करायचं होतं."

"मी खूश झाले की हो. पाव नाही झाले."

काका हसत सुटले. त्याच दिवशी त्यांनी काचा उतरवून नवी जाळी ठोकली. बुरशी लागलेले पाव सगळेच्या सगळे टाकून दिले, कारण तंतू कुठवर पोचलेत ते वरून कळत नाही. मला साबणाच्या पाण्याने घासले आणि उन्हात कडकडीत वाळवले. आता काकू पाव निवल्यावरच माझ्याकडे देतात.

परवा दुकानदार दारातून ओरडला, "काकू, उद्या जास्त पाठवा, पुरत नाहीयेत!" काकू पिठाच्या हातांनीच बाहेर धावल्या.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. आपल्या घरच्या कपाटांना पुसा, पण ओले ठेवू नका. आम्हांला भिंतीला अगदी चिकटवून उभे करू नका. गरम पदार्थ निवल्याशिवाय कोंडू नका. आणि आम्हांला हौसेने नटवायचे असेल तर खुशाल नटवा, फक्त आधी एकदा बघा, आमचा श्वास कुठून चालतो ते.