चौदा दिवस पुढची तारीख

मित्रांनो, मी तारखेचा शिक्का आहे. जुना आहे हे माझी मूठ पाहूनच कळेल. तिच्या लाकडाचा रंग केव्हाच उडाला आहे. माझ्या पोटात रबराचे चार पट्टे आहेत: दोन दिवसाच्या आकड्यांचे, एक महिन्यांचा आणि एक वर्षांचा. बाजूची चाके अंगठ्याने फिरवली की पट्टे सरकतात आणि हवी ती तारीख खाली येते. एवढेच माझे काम. मी कधी कुणाचे वाईट चिंतले नाही. तरीही माझ्यामुळे एका सहा वर्षांच्या मुलीला आईपासून चौदा दिवस जास्त लांब राहावे लागले. त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले, पण आठवण झाली की अजून माझा संताप होतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. चिमट्याने माझे पट्टे बसवणाऱ्या कामगार बाईने मला रद्दी कागदावर आठ-दहा वेळा दाबून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा छान उठतोय बघ." ती माझी पहिली शाबासकी. त्यानंतर खोक्यात बसून मी एका सार्वजनिक वाचनालयात आलो आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर बावीस वर्षे राहिलो.

बाईंची एक पद्धत होती. सकाळी कुलूप उघडायचे, पिशवी खुंटीला अडकवायची, आणि खुर्चीत बसायच्या आधी माझी चाके फिरवायची. तारीख लावायची ती मात्र आजची नाही, चौदा दिवसांनंतरची. वाचनालयात आजची तारीख हवी कुणाला? पुस्तक परत कधी आणायचे, ते वाचकाला कळले पाहिजे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर ती परतीची तारीख मी उमटवत असे. बावीस वर्षांत बाईंच्या अंगठ्याला याची इतकी सवय झाली की त्या माझ्याकडे बघतही नसत. दाराशी आलेल्या माणसाशी बोलता बोलता अंगठा बरोबर चौदा दिवस पुढे जाऊन थांबे.

पुढे वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि मला खणात टाकले. माझ्या शाईच्या पॅडवर कुणीतरी चहाचा कप ठेवू लागले. तेव्हा फार वाईट वाटले. पण कॉम्प्युटर आठवड्यातून दोनदा तरी बंद पडायचा. मग बाई मुकाट्याने खण उघडायच्या आणि मला बाहेर काढायच्या. त्या दिवशी माझा रुबाब बघण्यासारखा असे.

मग साथ आली. वाचनालयाला टाळे लागले. बाईंना हुकूम आला की उद्यापासून सरहद्दीच्या नाक्यावर कामाला जा. पुस्तके सांभाळणाऱ्या बाईंनी सरहद्द कशी सांभाळायची, हे मला विचारू नका. त्या दिवसांत कुणालाही उचलून कुठेही उभे करत होते. नाक्यावरचे साहेबसुद्धा मूळचे जमीन मोजणारे होते.

नाका म्हणजे रस्त्यावर टाकलेली पत्र्याची शेड. दोन टेबले, मध्ये प्लास्टिकचा पडदा, बाहेर सहा सहा फुटांवर चुन्याने काढलेले पांढरे गोल. पलीकडून येणाऱ्याने त्या गोलांत उभे राहून पुढे सरकायचे. शेडच्या दाराशी नियमांचा फळा होता. सकाळी एक नियम यायचा, संध्याकाळी दुसरा. जुना कागद काढायला कुणाला सवड नसे, म्हणून त्याच्यावरच नवा डकवत. आठ दिवसांत तो फळा चांगला बोटभर जाड झाला.

बाई पहिल्या दिवशी गेल्या तेव्हा टेबल आले होते, पॅड आले होते, कोरे परवाने आले होते. शिक्का आला नव्हता. साहेबांनी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "वाचनालयातला आहे माझ्याकडे. आजच्यापुरता चालेल का?" साहेब म्हणाले, "चालेल म्हणजे काय, पळेल."

मला पिशवीतून काढले तेव्हा अभिमानाने माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो. देशाच्या दारावर मी उभा होतो! बाई त्याच वेळी फोनवर बोलत होत्या. समोरचे कुणीतरी विचारत होते की तुम्ही रोज जाणार-येणार कशा. बाई समजावून सांगत होत्या आणि त्यांचा अंगठा माझी चाके फिरवत होता. परवान्यावर आल्या दिवसाचीच तारीख हवी होती, आणि त्या दिवशी सहा तारीख होती. अंगठा वीसवर जाऊन थांबला.

मी ओरडलो असतो. पण शिक्क्याला तोंड असते ते फक्त खालच्या बाजूला, आणि तिथे जे लावाल तेच तो बोलतो.

त्या दिवशी अकरा जण आले. नऊ जण मालट्रकांचे ड्रायव्हर होते. त्यांना नुसता शिक्का हवा होता. तो उमटल्याबरोबर ते निघून गेले, तारीख कुणीच वाचली नाही. उरलेले दोघे म्हणजे एक सुतार आजोबा आणि त्यांची नात. आजोबा तिला गोटी म्हणत. गोटी सुट्टीत आठ दिवसांसाठी आजोबांकडे गेली आणि सरहद्द बंद झाली. आठ दिवसांचे तीन महिने झाले. तेवढ्या काळात तिचे पुढचे दोन दात पडले. इकडे घरी एकटी आई. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. साथीत तिला कोण रजा देणार? शेवटी मुलांना पोचवण्यापुरता एक परवाना निघाला आणि आजोबा तिला घेऊन आले.

ड्रायव्हर सोडून बाकी सगळ्यांना नियम असा होता की आल्या दिवसापासून चौदा दिवस नाक्याजवळच्या शाळेत वेगळे राहायचे, मग सुटका. आजोबांनी चष्मा वर करून परवान्यावरची वीस तारीख वाचली. ती सुटकेचीच तारीख, असे त्यांनी धरले. धरणारच. त्यांनी लगेच आपल्या मुलीला, म्हणजे गोटीच्या आईला, फोन लावला. "वीस तारखेला ये. तसा शिक्काच मारून दिलाय."

दुसऱ्या दिवशी सरकारी शिक्का आला, मोठा, गोल, भारदस्त. मला खणात टाकले. चौदा दिवस मी अंधारात तळमळत होतो. शाळेतल्या बातम्या बाईंच्या बोलण्यातून कळत. आजोबांनी वर्गातले डुगडुगणारे सगळे बाक दुरुस्त केले होते. एका बाकाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने रोज एक रेघ ओढत होते. आणि गोटी इतकी शहाणी, की हात धुवायचे तिला कुणी सांगावे लागत नव्हते. शाळेतल्या सेविका तिचेच नाव घेऊन मोठ्या माणसांना लाजवत.

वीस तारखेला आई आली. त्या दिवशी टेबलाचा खण अर्धा उघडा राहिला होता, म्हणून मला सगळे दिसले. तिचा प्रवासाचा पास त्या एकाच दिवसाचा, संध्याकाळी सहापर्यंतचा. तिला नाक्यापासून वीस पावलांवर दोरीपलीकडे थांबवले. आजोबा आणि गोटी सामान घेऊन टेबलाशी आले. साहेबांनी परवाना हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"तुम्ही तर आजच आलात."

"आज?" आजोबा म्हणाले. "अहो, चौदा दिवस झाले. शाळेत होतो आम्ही."

"कागदावर आजची तारीख आहे. आगमन वीस."

"मग चौदा दिवस तिथले बाक कोणी ठोकले?"

"ते मला माहीत नाही, आजोबा. मी कागद बघतो."

"बाकाखाली रेघा आहेत माझ्या. मोजून घ्या."

"पेन्सिलीचं चालत नाही."

शाळेतल्या हजेरीच्या वहीत त्यांची नावे होती. पण ती वही दुसऱ्या खात्याची, तिचा उतारा हवा तर त्या खात्याच्या अधिकाऱ्याची सही हवी, आणि तो अधिकारी स्वतःच आजारी पडून वेगळा राहत होता. हा नन्नाचा पाढा चालू असताना बाई पलीकडच्या टेबलावरून उठल्या. त्यांनी परवाना पाहिला. माझ्या उमटलेल्या आकड्यांवरून त्यांनी बोट फिरवले.

"साहेब, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तकावर आम्ही परतीची तारीख मारतो. हाताच्या सवयीने तीच लावली मी. लिहून देते. शिवाय मारून देते सहा तारखेचा शिक्का, आत्ता."

"मागची तारीख मारायची? बाई, मागच्या आठवड्यात शेजारच्या नाक्यावरचा माणूस एवढ्यावरच घरी बसवला. मी दोन महिने याच टेबलावर झोपतोय. माझी पोरं मी फोनवर बघतोय." साहेबांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "वरून हुकूम आणा. मी स्वतः हात धरून सोडतो पोरीला."

मग फोन सुरू झाले. पहिला नंबर लागेना. दुसऱ्याने तिसऱ्याचा नंबर दिला, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याचाच. चार वाजले, पाच वाजले. आई दोरीपलीकडे उभीच होती. तिने गोटीसाठी नवे सँडल आणले होते. ते लांबूनच वर धरून दाखवत होती. सहाला दहा कमी असताना तिच्या बसचा हॉर्न वाजला. तिने सँडल दोरीजवळ ठेवले आणि गेली. गोटी रडली नाही. आजोबांचा हात धरून ती शाळेकडे चालू लागली, आणि मला वाटले की माझे चारही पट्टे तटातट तुटावेत.

मला खणातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातले. तिच्यावर 'पुरावा' अशी चिठ्ठी लावून खिडकीच्या खिळ्याला टांगले. बाईंनी त्याच संध्याकाळी चूक दुरुस्तीचा अर्ज पाठवला. उत्तर नवव्या दिवशी आले. शिक्का मारल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज करायला हवा होता. शिक्का सहा तारखेला मारला होता, अर्ज विसाव्या तारखेचा होता, म्हणून तो फेटाळला होता.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचले. "साहेब, यात त्यांनीच लिहिलंय की पोरगी सहाला आली."

साहेबांनीही वाचले. "हो."

"मग सोडा ना तिला."

"हे अर्ज फेटाळल्याचं पत्र आहे, बाई. याच्यावर सोडता येत नाही."

म्हणजे अर्ज फेटाळायला गोटी सहा तारखेला आली होती आणि आईकडे जायला वीस तारखेला. मित्रांनो, मी आयुष्यभर तारखांचेच काम केले, पण हे गणित मला आजपर्यंत सुटलेले नाही.

दुसरे चौदा दिवस गेले. दुरुस्त करायला बाक उरले नव्हते, म्हणून आजोबांनी गोटीला फळ्यावर अक्षरे शिकवली. आधी तिला चार-दोनच येत होती. आता ती दिसेल ते एकेक अक्षर लावून वाचू लागली, आणि शाळेत वाचायला होते काय, तर भिंतीवरचे नियम. तेच तिने पाठ केले.

चार तारखेला आईने पुन्हा एका दिवसाचा पास काढला. या वेळी सगळे कागद बरोबर होते. साहेबांनी दोरी स्वतः सोडली. गोटी शेवटच्या पांढऱ्या गोलात उभी होती, पायांत तेच नवे सँडल. आई दोन्ही हात पसरून पुढे आली.

गोटी एक गोल मागे सरकली.

"ये ना गं," आई म्हणाली.

"तू गोलात उभी राहा. जवळ यायचं नसतं."

आईने आणखी एक पाऊल टाकले. गोटी आणखी एक गोल मागे गेली आणि साहेबांना म्हणाली, "काका, तिला सांगा ना."

साहेब घाईघाईने म्हणाले, "जा बाळा, आता चालतं."

"लिहिलंय का?"

साहेबांनी फळ्याकडे पाहिले. बोटभर जाड कागद होते, पण त्यात हे कुठेच नव्हते. आजोबांनी तोंड फिरवले. रांगेतली माणसे आपापल्या गोलांत उभी होती, घाई कुणी केली नाही.

बाई उठल्या. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिले: 'आईला मिठी मारायला परवानगी आहे.' साहेबांनी खाली सही केली. मग सरकारी शिक्का उचलून तो पॅडवर दाबला आणि कागदावर मारला. मी पिशवीत लटकून बघत होतो. गोटीने कागद हातात घेतला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचले, तारीख पाहिली. कागदाची घडी करून ती आजोबांकडे दिली. मग ती आईकडे गेली, आधी चालत, शेवटची चार पावले धावत.

सगळे डोळे पुसत होते. मला मात्र आनंद झाला नाही. माझा जीव नुसता जळत होता. आईला हात लावायला त्या पोरीला शिक्क्याचा कागद लागला होता.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणीतरी अशा टेबलामागे बसेल आणि माझ्यासारखा एखादा शिक्का त्याच्या हातात येईल. त्याला कोरडा पडू देऊ नका, त्याचे पट्टे स्वच्छ ठेवा, आणि दाबण्याआधी तारीख एकदा डोळ्यांनी बघा. तरीही चुकली, तर सरळ खोडा आणि शेजारी बरोबर तारीख लिहा. मी रबराचा आहे, मला त्याचे काही वाटणार नाही. पण समोर आपल्या आईकडे निघालेले मूल असेल, तर त्याला 'लिहिलंय का' असे विचारायला लावू नका.