घुबडछाप गेल्यावर

सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या, तेवढ्या वेळात जावयाने त्यांची लाकडं कापायची चेनसॉ कायमची बंद पाडली.

हेतू काही वाईट नव्हता. थंडी तोंडावर आली होती, मागच्या अंगणात ओंडक्यांचा ढीग तसाच पडून होता आणि घरातल्या दोन्ही खोल्या अन् आंघोळीचं पाणी एकाच लोखंडी शेगडीवर तापायचं. लग्नानंतर बायकोच्या माहेरी राहायला आलेल्या माणसाने निदान एखादं काम तरी अंगावर घ्यावं, असं त्याला बरेच दिवस वाटत होतं. बायको जहाजावर परिचारिका. घरात कमी आणि पाण्यावर जास्त. त्यामुळे घरात उरायचे हे दोघंच, आणि दोघंही एकमेकांशी इतकं अदबीने वागायचे की ताटलीतलं शेवटचं बिस्किट मऊ पडेपर्यंत कोणी उचलायचं नाही.

त्याचा व्यवसाय कवळ्या बनवण्याचा. दातांच्या डॉक्टरांकडून आलेले साचे समोर ठेवून दिवसभर एकेक दात घासत बसायचं. मोठ्या यंत्राशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. त्याने टाकीत साधं पेट्रोल ओतलं. या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कोणाला विचारलं नव्हतं. मशीन थोडा वेळ झकास चाललं, मग किंचाळलं आणि थांबलं.

सासूबाई फाटकातून आत आल्या तेव्हा तो मशीन मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता.

"आई, माझ्या हातून बिघडलं. चालू करायची दोरी ओढली तर हलतच नाही."

त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "तेल?"

"कसलं तेल?"

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा ठेवा."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं वर्कशॉपमध्ये गेले. वर्कशॉप चालवणारी बाई उंचीने ठेंगणी, आवाजाने खणखणीत. तिने इंजिन खोललं आणि पिस्टन दाखवला. मांजराने बोचकारावा तसा तो चहूबाजूंनी ओरबाडला गेला होता.

"घुबडछाप ना ही? कंपनी बुडून किती काळ झाला. पिस्टन आणू कुठून?"

म्हणजे नवीन घेणं आलं. जावई कामाला लागला. रोज जेवणानंतर फोन घेऊन बसायचा आणि कोणाला काय अनुभव आला ते मोठ्याने वाचून दाखवायचा. निळी वजनाला हलकी. कोल्हाछाप महाग, पण म्हणे दणकट. एकाने निळीला पाच तारे दिले होते, दुसऱ्याने शिव्या.

"या लोकांनी लाकडं कापलीत, की नुसतं लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"ते काही कळत नाही."

"मग फोन ठेवा आणि झोपा."

सुट्टीच्या दिवशी ते बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. भिंतीवर चेनसॉ ओळीने टांगलेल्या. विक्रेता तरुण होता, तोंडाने गोड, आणि जे काही सांगायचं ते जावयाकडे बघून सांगत होता.

"वापरणार मी आहे," सासूबाई म्हणाल्या.

विक्रेत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग मावशी, ही निळी घ्या. स्वस्तातली आहे. चार-पाच वर्षं कुठे जात नाही. तुम्हाला त्याहून जास्त कशाला लागतेय?"

तो सहज बोलून गेला होता. पण सासूबाईंचे कान लाल झाले. त्याने हातात दिलेलं मशीन त्यांनी अलगद काउंटरवर ठेवलं आणि "चला" म्हणून त्या बाहेर पडल्या.

गाडीत बसल्यावर बराच वेळ त्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मी मेली दहा-पंधरा वर्षं टिकेल असं मशीन शोधायला निघालेय," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याचं काय चुकलं? माझ्या वयाची बाई टिकाऊपणाच्या गोष्टी करते, हसू नाही येणार?"

"तुम्ही अजून कुठे म्हाताऱ्या" असं काहीतरी जावयाच्या ओठांवर आलं होतं, पण ते खोटं वाटलं असतं. त्याने किल्ली फिरवली नाही.

"आई, ती एकट्या तुमच्यासाठी थोडीच घ्यायचीय? घरासाठी घ्यायचीय. मला शिकवा. मग ती पंधरा वर्षं टिकली तरी वाया नाही जाणार."

"तुम्ही तर डावखुरे."

"मग?"

"मशीनचा खटका उजव्या हाताचा असतो. सगळं उलटं शिकावं लागेल."

"शिकेन."

त्यांनी एकदा त्याच्या हातांकडे पाहिलं. मऊ, कातडी जाड न झालेले, नखांत मेणाचे कण. "वर्कशॉपला घ्या गाडी," त्या म्हणाल्या.

वर्कशॉपवालीला त्यांनी सरळच विचारलं, "तुझ्याकडे दुरुस्तीला सगळ्यात कमी येते ती कुठली?"

"निळी. येतच नाही म्हटलं तरी चालेल."

"म्हणजे तीच चांगली?" जावई म्हणाला.

बाई हसली. "अहो, तिचे भाग मिळत नाहीत हे लोकांना माहीत झालंय. बंद पडली की भंगारात. माझ्यापर्यंत येईलच कशाला? कोल्हाछाप येते. हा मागचा अख्खा रॅक तिच्याच भागांचा. जुनी जुनी मशीन्स येतात, एखादी दोरी बदलली, एखादा फिल्टर टाकला, की चालली परत घरी."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, जावयाने सासूबाईंकडे. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट पटली होती.

कोल्हाछापची नवी मशीन्स बाई विकायचीही; सासूबाईंना त्यातलं मोठं हवं होतं. बाईने ते त्यांच्या हातात दिलं आणि गप्पा मारत राहिली. थोड्या वेळाने सासूबाईंनी आपणच ते खाली टेकवलं आणि मधलं मागितलं. चेन जिच्यावर फिरते ती पट्टी शेगडीच्या लाकडाला त्याहून लांब लागतही नव्हती.

शिकवणी लगेच सुरू झाली. आधी बूट, मग चष्मा, मग कानावरची टोपणं, मग उभं राहणं. "पाय फाका! फोटो काढायला उभे आहात का?" सासूबाईंची अदब पहिल्याच ओंडक्यापाशी संपली. त्याने मधोमध आधार नसलेल्या ओंडक्याला वरून चेन लावली. लाकूड खाली झुकलं आणि पट्टी आत घट्ट अडकून बसली. सासूबाईंनी पाचर ठोकून ती सोडवली. पुढच्या ओंडक्यातही त्याने तेच केलं.

"कवळ्या बनवताना पण असंच करता?"

"कवळी अंगावर येत नाही, आई."

हळूहळू जमायला लागलं. पण काही दिवसांनी मशीन हट्टाने एका बाजूला ओढायला लागलं. काप सरळ जाईना, भुशाऐवजी पीठ पडायला लागलं. सासूबाईंनी पुन्हा कानस घेऊन चेनला धार लावली, तर मशीन आणखी वाकडं चालायला लागलं.

"हे लाकूडच खराब निघालं," त्यांनी जाहीर केलं. "बुंध्याजवळचं आहे."

जावयाने चेन काढून खिडकीपाशी नेली, कामाचं भिंग डोळ्याला लावलं आणि एकदम हसला. "आई, हिचे डावीकडचे दात घासून आखूड झालेत, उजवीकडचे लांब राहिलेत. अशा दातांनी कोणालाही वाकडंच चावता येईल."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो बसला. सगळ्यात आखूड दात शोधला आणि बाकीचे एकेक करून त्याच्या मापाला आणले. प्रत्येक दाताचा कोन तोच, खोली तीच. सासूबाई समोर बसून बघत होत्या.

"दुखलं तर हात वर करा म्हणावं तिला," त्या म्हणाल्या.

सकाळी त्यांनी स्वतः मशीन सुरू केलं. बुंध्याजवळच्याच ओंडक्यावर चेन टेकवली आणि ती साबणात शिरावी तशी खाली गेली. टपोरा भुसा बुटांवर पडला. त्यांनी मशीन बंद केलं आणि कापलेल्या तोंडावरून हात फिरवला.

"मला हल्ली दात दिसतच नाहीत," त्या म्हणाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. एका डोळ्याचं ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. मशीन बिघडण्याच्या गडबडीत विषय मागे पडला होता, आणि तो मागेच राहिला तर बरा असं त्यांना वाटत होतं.

"मुलीला कळवलंत?"

"नाही. ती जहाजावरून काळजी करत बसेल."

"मग मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "तोवर बाकीचं मी कापतो. तुम्ही फक्त ओरडा."

ऑपरेशन नीट पार पडलं. त्या हिवाळ्याचं लाकूड जवळजवळ सगळं त्यानेच कापलं, आणि बायको सुट्टीवर आली तेव्हा मागच्या भिंतीला लागून रचलेली चवड बघून तिला ते खरं वाटेना. पुढे एक-दोन वर्षं सासूबाई त्याच्या जोडीने मशीन धरत राहिल्या. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी आपणहून खुर्ची घेतली. कोल्हाछापला मधे नवी दोरी लागली, दोनदा नवी चेन. बाकी ती आहे तशी आहे. आता तो अंगणात कापत असतो आणि सासूबाई खिडकीशी बसतात. त्याचे पाय जवळ आले की त्या चमच्याने काचेवर टकटक करतात. मशीनच्या आवाजात त्याला ती ऐकू येत नाही, पण दोरी ओढण्याआधी तो एकदा खिडकीकडे बघून घेतो.