खोडलेली ओळ

मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक आहे, आणि ते उतरवायला देव दर दोन-तीन वर्षांनी कोणाला तरी धाडतो. गेल्या वर्षी त्याने ज्याला धाडलं, त्या माणसाने आयुष्यात साधा मोबाइलसुद्धा धड हातात धरला नव्हता.

आमची कंपनी केरळात, कोळिकोडला, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. माणसं चार. पोटासाठी आम्ही हॉटेलांची आणि सोनारांची ॲप बनवतो. चालियार नदीकाठच्या एका गावात, बरं न होणाऱ्या आजाऱ्यांची घरी जाऊन देखभाल करणारं केंद्र आहे. आमच्याकडे अशी केंद्रं गावोगाव असतात आणि शिंपी, रिक्षावाले, निवृत्त मास्तर अशी माणसं ती चालवतात. त्यांचं ॲप मी फुकट करून दिलं होतं, आणि ते फुकट केल्याचं मी भेटेल त्याला सांगतही असे.

काम सोपं होतं. डॉक्टर उमर कोया आजाऱ्याच्या खाटेशी बसून टॅबलेटवर नोंद लिहीत आणि ती घरोघर फिरणाऱ्या नर्सच्या फोनवर उमटे. एक दिवस त्यातल्या थोरल्या नर्सचा, लीलामणी सिस्टरचा फोन आला.

"शम्ला मोळे," ती म्हणाली. मोळे म्हणजे अगं मुली. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक बाईला ती तसंच म्हणते. "गोविंदन मास्तरांच्या औषधात हे काटे कोणी पेरलेत? एक कंस, मग इंग्रजी बी, मग परत कंस. मी औषध देऊ की निंदणी करू?"

डॉक्टरांना अक्षरं ठळक करायची, रंगवायची हौस. अक्षर ठळक केलं की त्याच्या मागेपुढे टोकदार कंसांत एक खूण बसते. तिला आम्ही टॅग म्हणतो. कॉम्प्युटर टॅग वाचून गिळून टाकतो आणि आपल्याला नुसतं ठळक अक्षर दिसतं. केंद्राच्या जुन्यापान्या फोनांवर मी मजकुराची साधी चौकट दिली होती, तिथे ते सगळे टॅग उघडे पडत होते.

मी दहा मिनिटांत इलाज केला. एका ओळीचा कोड: कंस उघडला की तो बंद होईपर्यंतचं सगळं फेकून दे, उरेल ते दाखव. शेजारच्या टेबलावरचा निषाद वाकून बघत म्हणाला, "अगं, कोणता टॅग कशासाठी आहे ते एकदा पाहून तरी घे."

"तू तुझ्या सोनाराचं बघ," मी म्हणाले.

फोनवरचा मजकूर लख्ख झाला. सिस्टरने केंद्रातून डबाभर उण्णियप्पम, म्हणजे तांदूळ-गुळाचे तळलेले अप्पे, पाठवले. ते मी निषादला दाखवून दाखवून खाल्ले.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला पुन्हा सिस्टरचा फोन. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

"डॉक्टर फोन उचलत नाहीयेत."

"चेन्नईला निघालेत. विमानात असतील."

"मग तूच बघ. मी चात्तुकुट्टींच्या अंगणात उभी आहे. त्यांची नेहमीची नर्स रजेवर आहे, मी आज पहिल्यांदाच आलेय. फोनवर मॉर्फिनच्या दोन ओळी दिसतायत. वर आहे, दर चार तासांनी दोन गोळ्या. खाली आहे, दर आठ तासांनी एक. मला वाटलं, दोन्ही द्यायच्या. दुखणं वाढलं असेल. घरच्यांना वाचून दाखवलं, आठवड्याची डबी भरायला घेतली, तर हा माणूस म्हणतो, वरची ओळ खोडलेली आहे."

"खोडलेली म्हणजे?"

"मला काय विचारतेस? मला रेघबिघ काही दिसत नाही. तो दुखण्याने पार मुटकुळं झालाय आणि मी गोळ्या हातात धरून उभी आहे. लवकर सांग."

मी कॉम्प्युटरवर डॉक्टरांनी लिहिलेली मूळ नोंद उघडली. पहिल्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ होती.

डॉक्टरांनी चाळीस वर्षं कागदावर लिहिलं. आजाऱ्याच्या कागदावरचं काही पुसायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला नेम. आधी काय चालू होतं ते पुढच्याला वाचता आलं पाहिजे, म्हणून जुन्यावर एकच रेघ मारायची आणि नवं खाली लिहायचं. टॅबलेटवरही ते तसंच करत. ती रेघ म्हणजे एक टॅगच होता. माझ्या कोडने तो इतर टॅगांबरोबर फेकून दिला होता आणि त्याखालचे शब्द मात्र इमानदारीत ठेवले होते. डॉक्टरांनी बंद केलेलं औषध मी पुन्हा चालू करून नर्सच्या हातात दिलं होतं.

"सिस्टर, फक्त खालची. एक गोळी, आठ तासांनी. वरची बंद केलीय. त्यांची किडनी थकलीय असं लिहिलंय. चूक माझी आहे."

"किडनी थकलेली," ती सावकाश म्हणाली. "आणि मी त्यांना दर चार तासांनी दोन देणार होते. वर आणखी आठ तासांची वेगळी. दोन दिवसांत झोपेतच श्वास थांबला असता." मग तिने गोळी दिल्याचं, पाणी पाजल्याचं मला ऐकू आलं. परत फोनवर येऊन म्हणाली, "बरं. बाकीच्यांचं काय?"

बाकीचे एकशे त्रेसष्ट होते.

मी ॲप बंद केलं आणि मूळ नोंदी एकेक करून उघडायला बसले. निषादने अर्ध्या नोंदी आपल्याकडे घेतल्या. त्या दिवशी त्याने एकदाही 'मी म्हणालो होतो' म्हटलं नाही, हे त्याचे उपकार मी विसरणार नाही. तिकडे सिस्टरने सगळं गाव कामाला लावलं. केंद्रातल्या शिंप्याने मशीन थांबवलं, निवृत्त मास्तरांनी यादी वाटून दिली, जो तो आपल्या वाट्याच्या घरांना फोन करू लागला. चारच्या आत सगळं कळलं. चार घरांत खोडलेलं औषध यादीत दिसत होतं. तीन घरच्यांनी डॉक्टरांचं तोंडी सांगणं लक्षात ठेवून ते दिलंच नव्हतं. चौथ्या घरी आयिशा उम्मांनी बंद केलेलं, पोट साफ होण्याचं औषध चार दिवस घेतलं होतं. मी माफी मागायला फोन केला, तर त्या म्हणाल्या, "तू लिहिलंस होय ते? पोरी, माझ्या धावण्याचा हिशेब वर तुझ्या नावावर लागणार बघ." एवढं ऐकवून त्यांनीच मला दुआ दिली.

कोड मी दुसऱ्या दिवशी नव्याने लिहिला, प्रत्येक टॅग कशासाठी आहे ते बघत. खोडलेला मजकूर आता वेगळा निघतो आणि सगळ्यात खाली, 'बंद केलेलं औषध, देऊ नये' या शीर्षकाखाली येतो. निषादने तीनदा तपासला. डॉक्टर चेन्नईहून परतल्यावर मला एवढंच म्हणाले, "मी कागदावर असाच एकदा चुकलो होतो, तेव्हा मला कोणी वाचवलं नव्हतं. तू जाऊन त्यांना भेट."

शुक्रवारी मी सिस्टरबरोबर चात्तुकुट्टींच्या घरी गेले. ते पूर्वी कल्लायीच्या लाकडाच्या वखारीत करवत ओढायचे. आता खाटेवर नुसता सापळा उरला होता, पण डोळे टक्क जागे. बायको, कार्त्यायनीचेची (चेची म्हणजे ताई), उशाशी पंखा हलवत बसली होती.

"चात्तुएट्टा," मी थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाले, "ते ॲप मी बनवलंय. तुमच्या जिवावर बेतलं असतं. माफ करा. आणि तुम्ही बोललात म्हणून मी तुमची फार ऋणी आहे."

त्यांनी मला खालीवर बघितलं. "हिला चहा दे गं," ते बायकोला म्हणाले. "साखर जास्त घाल. भेदरलीय पोर."

मला एक विचारल्याशिवाय राहवेना. "त्या वेळी दुखत नव्हतं का?"

"न दुखायला काय झालं! सिस्टर दोन गोळ्या म्हणाली ना, तेव्हा आतून एकच आवाज येत होता, चात्तू, गप्प राहा आणि घे."

"मग?"

ते दम घ्यायला थांबले. चेचीने ओठांना पाणी लावलं.

"डॉक्टरने ती रेघ मारायच्या आधी मला विचारलं होतं. म्हणाला, कमी केलं तर दुखेल जरा जास्त, पण शुद्धीत राहशील, नातीशी बोलशील. मारू का रेघ? मी म्हणालो, मार." त्यांनी डोळे मिटले. "मीच मार म्हणालो होतो. मग आता दिसत नाही म्हणून ती रेघ नाहीच, असं कसं म्हणणार?"

मी त्यांचे पाय धरले, तर सिस्टर खेकसली, "सोड, गुदगुल्या होतात त्यांना." ते खरंच हसले, आणि हसल्यावर कळवळले.

त्यानंतर ते एकेचाळीस दिवस जगले. गेले त्या सकाळी सिस्टरने मला फोन करून सांगितलं, की त्यांनी पहाटे नातीला नावाने हाक मारली, तिच्याशी शाळेचं बोलले आणि मग गेले. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यात दुःख होतं, पण त्याहून जास्त कृतज्ञता होती, आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. दुखण्याने मुटकुळं झालेल्या माणसासमोर माझ्या चुकीने दुखण्यातून सुटका आणून ठेवली होती, आणि त्याने ती नको म्हटली. म्हणून ते एकेचाळीस दिवस त्यांना मिळाले, आणि मला त्यांच्या घरी तोंड वर करून जाता आलं.